ठाऊक नसलेल्याचा हुंकारा

प्रिय बन्सी,

पत्र लिहायचं मी लय लांबवलं. पोळ्याच्या आधीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. एकदा ताडकळसच्या पोस्टातून आंतरदेशीय घेतलंसुद्धा, तर तिथं एक म्हातारी पुण्याच्या लेकाला चार ओळी लिहून दे म्हणाली. दिल्या लिहून, त्याच कागदावर. दुसऱ्यांदा चुडाव्याच्या स्टेशनावर बाकावर बसून 'प्रिय बन्सी' इथपर्यंत आलो आणि गाडी आली. मला त्या गाडीनं कुठंच जायचं नव्हतं, तरी चढलो. माझं हे असं तुला नवीन नाही. पण खरं सांगायचं तर म्हातारीही कारण नाही आणि गाडीही नाही. मला तुला एक गोष्ट मागायची आहे, आणि ती तू दिलीस तर तुला तुझ्या घरात पहिल्यासारखं जेवता येणार नाही. म्हणून हात उचलत नव्हता. आज सगळी वस्ती कापूस वेचायला रानात गेलीय. घरात मी आणि चांगुणाआत्या. ती बाजेवर पडलीय, तिची छाती वाजतेय, आणि मला आता कुठली गाडी पकडता येत नाही.

तू जालन्याला बियाण्याच्या कंपनीत लागलास हे कळलं. मोटारसायकल घेतलीस म्हणे. चांगलं झालं. माझं विचारशील तर सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि पाय एका जागी ठरले नाहीत. मानवतला जिनिंगात सरकीच्या धुळीत होतो, पूर्णेला रेल्वेच्या रुळावर खडी टाकली, तंबूच्या सिनेमाबरोबर जत्रा केल्या. ताडकळसच्या बाजारात एक मुंगूसवाला यायचा, तुला आठवत असेल, भगवानराव नावाचा. टोपलीत साप, पिशवीत मुंगूस, आणि 'आता लढाई लावतो' म्हणत बाजार उठेपर्यंत गोष्ट लांबवायचा आणि मधेमधे दाताचं मंजन विकायचा. त्याच्याजवळ मी एक हंगाम काढला. काम काय, तर गर्दीत अनोळखी होऊन उभं राहायचं आणि तो थांबला की 'बरं, मग?' म्हणायचं. भाकरीवर ठेवलेला हुंकारा! लोकांना वाटायचं, ह्या पोराला लयच चटक लागलीय. मुंगूस म्हातारं, दात पडलेलं. साप तर टोपलीत कधी नव्हताच. एकदा मी सहज पिशवीच्या दोरीला हात लावला तर माझा हात धरून म्हणाला, "सोडू नको बाबा. सोडलं की माणसं घरला जातेत." त्यावर मी पुष्कळ विचार केलाय. त्याच्या गोष्टीला शेवट नाही म्हणून ती बाजारात चालते. आत्याच्या गोष्टीला शेवट आहे, म्हणून ती कुणी चालू देत नाही. पण बघ, मी कुठल्या कुठं गेलो.

तुमच्या मळ्यातल्या शेंगा आठव. उपटलेल्या वेलांचा ढीग, भोवती गोल करून बसलेल्या बाया, आणि मधे आत्या. तुझ्या बापाला शेंगा तोडायला आत्या पाहिजेच असायची. का, तर ती कहाणी सांगायला लागली की बायांची तोंडं बंद व्हायची आणि हात चालू राहायचे. पण तिची एक अट होती. हुंकारा पाहिजे, आणि तो एकट्याचा पाहिजे, आणि त्याला पुढचं ठाऊक नको. आमच्या सगळ्यांच्या कहाण्या ऐकून झालेल्या. मी मधेच 'हं' केलं की म्हणायची, "तू गप. तुझं 'हं' जुनं हाय." तू परभणीला बोर्डिंगात असायचास, सुट्टीला यायचास, तुला काहीच ठाऊक नसायचं. म्हणून हुंकारा तुझा. मालकाचं पोर मातीत मांडी घालून बसलंय आणि आमची आत्या त्याच्याकडं बघून एकेक वाक्य सोडतेय, तू 'हं' म्हटल्याशिवाय पुढचं नाही. घरी गेलास की तुझी माय दारातच तुझ्या अंगावर पाणी शिंपडून मग आत घ्यायची, हे तूच सांगायचास, हसत. आम्हीही हसायचो.

आणि तो दिवस आठव, तू ढिगाला टेकून झोपलास. राजाची पोर विहिरीत पडलेली, पाणी गळ्याला आलेलं, आणि तुझा हुंकारा बंद. आत्याही बंद. मनकर्णा ओरडली, "आगं चांगुणे, त्या पोरीला हिरीतून काढ तरी, गारठली आसंल!" आत्या म्हणाली, "बन्सी निजला. आता राहू दी हिरीतच." दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी मागं लागल्या, राहिलेलं तेवढं सांग. नाही. "मोडलेली कहाणी गाठ मारून फुडं नेत न्हाईत. पयल्यापून." आणि खरंच तिनं राजाच्या जन्मापासून सुरुवात केली, आणि तू त्या दिवशी डोळ्याला पाणी लावून बसलास. ती पोर विहिरीतून निघाली तेव्हा मनकर्णानं हातातल्या शेंगा तुझ्यावर उधळल्या. हे मी उगाच आठवत बसलो नाही. ह्याच अटीनं पुढं काय केलं ते सांगायचंय.

नामांतराचा ठराव झाला हे आपल्या गावाला रेडिओनं सांगितलं. विद्यापीठ कसं असतं हे तुमच्या गल्लीनं बघितलं नव्हतं आणि आमच्या वस्तीनंही. पण नावावरून कुणाचं रक्त किती तापतं हे त्या पावसाळ्यात कळलं. तू बोर्डिंगात अडकलेला, एस.टी. बंद. दिवाळीला आलास तेव्हा गावानं तुला सांगितलं, बाहेरगावची माणसं होती, आपल्यातलं कुणी नव्हतं, आणि आत्याचा नवरा, सूर्यभानमामा, तर बिचारा चुलीच्या ठिणगीनं गेला. तू ते ऐकलंस. माझ्याकडं आलास, ओढ्याच्या ह्या काठाला मी, त्या काठाला तू, आणि "लय वाईट झालं केरबा" म्हणालास. मी मान हलवली. त्यानंतर आपण दोघं नीट कधी बोललोच नाही. तेव्हा माझ्याकडं सांगायला काही नव्हतंच. मी शेळ्या घेऊन रानात होतो. दिवे लागायच्या वेळी परत आलो तर पावसात धूर दिसला. पावसात धूर वर जात नाही, जमिनीवरूनच सरकतो. शेळ्या त्यात शिरेनात. मामा विहिरीच्या कामावर कंबर मोडून बाजेला लागलेला होता, त्याला काही उठता येत नव्हतं. बाज बाहेर काढली तेव्हा... ते राहू दे. आत्याचे दोन्ही तळहात भाजलेले होते. आत काय झालं ते एकट्या तिलाच ठाऊक होतं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा तिनं नाव घेतलं नाही. "कोर्टात सांगीन, सगळ्यासमूर, एकदाच." आम्हाला वाटलं भ्याली. भ्याली नव्हती. तारखा पडत गेल्या, वर्षं गेली, आणि तिनं ती कहाणी कुणालाही न सांगता जपली, जशी बाई बियाणं जपते. शेवटी तिची साक्ष निघाली. धुवट पांढरं लुगडं नेसून ती पिंजऱ्यात उभी राहिली. मी मागच्या बाकावर होतो. तिनं सकाळपासून सुरुवात केली. झड लागलेली होती, सरपण ओलं होतं, मामाला ताकातली भाकर चारली. सरकारी वकील म्हणाले, बाई, मुद्द्याचं सांगा. पण जजसाहेब चांगले होते, बोलू द्या म्हणाले. ती एक वाक्य बोलायची आणि थांबायची. ते वाक्य साहेब सांगायचे, आणि टाइपरायटरवाला खडखड करायचा. बन्सी, तिनं त्या खडखडीलाच हुंकारा धरला. मी तिचा चेहरा बघत होतो. मशीन वाजलं की पुढचं वाक्य. शेंगांच्या ढिगाजवळ बसल्यासारखी रंगली होती ती.

असं करत संध्याकाळपर्यंत आली. बचावाच्या वकिलाची सगळी मदार एकाच गोष्टीवर होती, की एवढ्या झडीत भिजलेलं छप्पर पेटेलच कसं. आत्या तिथंच आली. म्हणाली, त्यांनी बाहेरून रॉकेल टाकलं, काडी लावली, ते फुसकन विझलं. पुन्हा टाकलं, पुन्हा विझलं. मशीन वाजलं. मग त्यांच्यातला एकजण म्हणाला, छप्पर आतून कोरडं असतंय. मशीन वाजलं. मग तो आत आला. जन्मात ज्यानं आमच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता तो आत आला. मशीन वाजलं. आत्या मागच्या कुडाला शेळीचं करडू बांधत होती, तिथून तिला सगळं दिसत होतं. बाजेवरून मामानं मान वळवून बघितलं कोण आलंय ते. ओळखलं. एवढा मोठा माणूस पहिल्यांदा घरी आला. आणि आमचा माणूस म्हणाला, "या, बसा."

इथं ती थांबली. आणि बचावाचा वकील हसला. "म्हणजे घरमालकानंच बसायला सांगितलं!" म्हणाला. त्याच्यामागं बसलेली आपल्या गावची माणसं हसली. टाइपरायटरवालाही मान खाली घालून हसला, आणि मशीन वाजलं नाही. आत्या वाट बघत उभी. साहेबांनी सगळ्यांना गप केलं, म्हणाले, हं बाई, कुणाला म्हणाले ते, पुढं सांगा. आता हुंकारा मिळाला होता असं तू म्हणशील. पण कहाणी मोडली होती. ती म्हणाली, "लोकं हसले सायेब. आता पयल्यापून सांगावं लागंल." आणि सुरू केलं, झड लागलेली होती, सरपण ओलं होतं, मामाला ताकातली भाकर. शब्दाला शब्द तोच. साहेबांनी समजावलं, सरकारी वकिलांनी हात जोडले, तेवढं एक नाव सांगा. तिला मधून सांगताच येईना. पुन्हा सकाळ, पुन्हा झड. तेव्हा बचावाचा वकील उठला आणि शांतपणे म्हणाला, साहेब, पाठ करून आणलेल्या साक्षीदाराची हीच खूण असते, मधे अडला की पहिल्यापासून म्हणतो. झालं. ती खाली उतरली तेव्हा सरळ माझ्याकडं न येता टाइपरायटरकडं बघत उभी राहिली होती.

जेवढे आरोपी होते तेवढे सगळे सुटले. ती ज्याचं नाव घेणार होती तो त्यात नव्हताच, पण तो कोण हे तिची साक्ष ऐकून वस्तीला तेव्हाच कळलं. आणि 'या, बसा' गावात आलं. स्टँडवरच्या हॉटेलात कुणी शिरलं की एकजण म्हणायचा, "या, बसा," दुसरा म्हणायचा, "काडी आनली का?" आणि सगळे हसायचे. तूही ऐकलं असशील. हसला नसशील असं मी मनाशी धरून चाललोय. तेव्हापासून आत्यानं घरी आलेल्या कुणालाही 'या, बसा' म्हटलेलं नाही. माणूस आलं की नुसती चटई पुढं सरकवते. मी मात्र गाव सोडलं. जिथं गेलो तिथं माणसं गोष्टी सांगताना बघितली. तंबूत पडद्यावर आग लागली की रडणाऱ्या बाया बघितल्या, ज्यांनी आमची आग ऐकूनही पदर डोळ्याला लावला नव्हता. आधी मला त्यांचा राग यायचा. मग वाटलं, पडद्यावर गोष्ट शेवटाला जाते, म्हणून त्यांना रडता येतं. आमची तिथंच अडकलीय, विहिरीत, गळ्याएवढ्या पाण्यात. अर्धी राहिलेली गोष्ट लोक चेष्टेवर नेतात, कारण त्यांना तेवढीच मिळालेली असते.

आखाडात निरोप आला म्हणून परत आलो. आत्याच्या पायाला सूज आहे, रात्री पाठ टेकवत नाही. तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, घरीच असू द्या. तिनंही ऐकलं असावं. त्या दिवसापासून तिचं एकच. "मला ती येकदा आखी सांगायची हाय." मी म्हणालो, सांग की, मी आहे ना. बसलो समोर. तिनं सुरू केलं, मी 'हं' म्हणालो, आणि ती थांबली. "तुझं जुनं हाय." मनकर्णा आली, तिचंही जुनं. वस्तीत तर प्रत्येकाचंच छप्पर जळालेलं, कुणाचा हुंकारा नवा असणार? मी चिडलो. म्हणालो, आत्या, आता अट सोड, मला सांग, मी लिहून ठेवतो. तर म्हणाली, "लिवून ठेवलेलं कोर्टात बी हाय." मग जरा वेळानं, "ज्येला ठाऊक हाय त्येला सांगून काय व्हतंय? त्येचं ओझं त्येच्याजवळ हायेच की. ज्येला ठाऊक न्हाई त्येनं 'हं' म्हनलं, की निम्मं त्येच्याकडं जातंय." शेंगा तोडताना हे कधी तिनं सांगितलं नव्हतं. मी गावात फिरून बघितलं. गावातल्या लोकांना ठाऊकच आहे, पण नाही म्हणतात. तुझा बाप ओट्यावर बसलेला असतो. मी समोरून गेलो की पेपर वर करतो.

आता तुला कळलं असेल हे कशासाठी लिहिलं. तिला तू पाहिजेस. "बन्सीला ठाऊक न्हाई. त्येला आनून दी." म्हणून मी त्या माणसाचं नाव ह्या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तुझं 'हं' जुनं झालं असतं. तू अंदाज बांधशील, बांध. अंदाज वेगळा आणि तिच्या तोंडून ऐकणं वेगळं. रविवारी निघ, तुझी गाडी थेट वस्तीवर आण, घरी आधी जाऊ नकोस. कुणावर केस करायची नाही, कुणाला माफी मागायला लावायचं नाही. नुसतं बसायचं आणि झोपायचं नाही. एवढंच मागायचं होतं, आणि एवढ्यासाठी इतके दिवस घालवले. इथपर्यंत लिहिलं, खाली नाव घालणार, तोच दारातला उजेड अडला. मला वाटलं मनकर्णा रानातून परतली. मान वर केली, तर तुझी माय. एकटी. भर दिवसा ओढा ओलांडून, सगळ्या गावाच्या डोळ्यादेखत, डोक्यावर पदर घेऊन पार्वतीबाई आमच्या दारात. माझ्या तोंडून 'मोठीबाई' एवढंच निघालं. त्या कागदाकडं बघून म्हणाल्या, "बन्सीला लिवायलास? मनकर्णा म्हनली मला, चांगुणेला ठाऊक नसलेलं मानूस पायजे म्हून." मग माझ्याकडं न बघता, "त्या दिशी घरला आले तवा अंगाला रॉकेलचा वास व्हता. कुठून आलाव म्हून म्या इचारलं न्हाई. आजपतूर न्हाई. मला फुडचं ठाऊक न्हाई रं." आत्यानं डोळे उघडले. बराच वेळ दारातल्या बाईकडं बघितलं. मी चटई सरकवायला उठलो, तर तिनं हातानं मला थांबवलं आणि इतक्या वर्षांनी ते शब्द तोंडातून काढले, "या, बसा." तुझी माय उंबरा ओलांडून आत आली आणि बाजेच्या पायाशी जमिनीवर बसली. आत्यानं सुरू केलंय, झड लागलेली, सरपण ओलं. तुझी माय 'हं' म्हणाली. आवाज फुटका होता, पण नवा होता. मी आता थांबतो, कागद वाजतोय. तू तरीही ये. कहाणी अजून सकाळीच आहे, मामा ताकातली भाकर खातोय. संध्याकाळी काय आहे ते ह्या घरात आम्हा दोघांना ठाऊक आहे, तुझ्या मायला नाही.

तुझाच,
केरबा